दोन कुंड्या

हॅलिफॅक्सच्या उतारावर, बस डेपोच्या मागे,
कौन्सिलने मला जमिनीचा तुकडा दिला: अकरा-ब.
अर्जाला नऊ वर्षं झाली होती.
उकिरड्याचे पांग बाराने फिटतात म्हणे.
माझी तीन वाचली.

शेजारी दहा-अ, आर्नल्ड क्लेग,
गुडघ्यांना रबरी पट्टे, कानांत केस.
पहिल्या दिवशी एवढंच बोलला,
"ही माती नाही, लव्ह. ही विटांची आई.
हिला खाऊ घाल."

मार्चमध्ये जॅनिसचा ट्रेलर आला.
तिच्या तबेल्यात अकरा घोडी, लीद फुकट,
न्याल तेवढी.
फाटकाशी ओतलेला ढीग थंडीत वाफाळत होता
पंगतीसाठी उपसलेल्या भातासारखा,
आणि आम्ही सगळे भोवती, ढकलगाड्या घेऊन,
वाढप्यांच्या घाईने.

तीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये
मी माणसांचं तेच पाहत आले,
काचपट्टीवर, हातमोजे घालून.
डब्यावर नाव, जन्मतारीख, वॉर्ड.
घरी कुणी विचारलं काय करतेस,
तर "तपासण्या" म्हणायचे आणि कणीक मळायला घ्यायचे.
आज हातमोजे गाडीतच राहिले.
काड्या, लाकडाचा भुसा, ऊब.
वास? होता की.
पण त्यात कुणी आजारी नव्हतं.

ताजी लीद मुळं जाळते, क्लेग म्हणाला,
गाजराला दिलीस तर त्याला दोन पाय फुटतात.
ही दोन वर्षांची. मुरलेली.
मुरणं मला कळतं.
बरणीला दादरा बांधून
वर्षभर अंधारात ठेवतात, ते.

तरी सवय.
दोन कुंड्या भरल्या:
एकीत लीद मिसळून, एकीत विकतची नुसती माती.
दोन्हींत तीन-तीन दाणे घेवड्याचे.
चिठ्ठ्या चिकटवल्या, तारखेसकट: ए आणि बी.
(बी मराठीत वाचलं तरी चाललं असतं.)
क्लेग हसला, "आता घोड्याचीही तपासणी?"
आणि आपल्या साऱ्या वाफ्यांवर
वीतभर थर पसरला,
पावावर लोणी लावावं तसा, पार कडेपर्यंत.

एकविसाव्या दिवशी
बी-मधली पानं तळहातासारखी उघडी.
ए-मधली
आतल्या आत वळलेली,
कुणीतरी मूठ आवळून बसल्यासारखी.

जॅनिसने गवत विकत घेतलं होतं.
त्या कुरणावर कुणीतरी, कधीतरी,
रुंद पानांच्या तणावर औषध मारलं होतं.
गवताला काही झालं नाही. घोड्यांनाही नाही.
ते गवतातून घोड्यात, घोड्यातून लिदीत,
लिदीतून दोन वर्षं ढिगात,
न मुरता.
पडलेलं शेण माती घेऊन उठतं, आम्ही म्हणतो.
या लिदीने मातीला भेटण्याआधीच
काहीतरी उचललं होतं.

रिपोर्ट मी आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता.
ते डॉक्टरांचं काम.
क्लेग उपड्या बादलीवर बसला होता,
समोर त्याचे वाटाणे, तसेच आवळलेले.
मी कुंड्या त्याच्या पायाशी ठेवल्या.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"मॉरीन म्हणायची, तुला दम नाही."
फ्लास्कच्या झाकणातला चहा माझ्याकडे सरकवला.

मका लाव, मी म्हटलं.
तो गवताच्याच कुळातला, त्याला हे बाधत नाही.
माती उलथत राहा. आतले जंतू खातील ते, हळूहळू.
जंतूंचं मला थोडं कळतं.
तीस वर्षं मी त्यांना नावंच ठेवली.

सप्टेंबरात कणसं आली, वीतभरसुद्धा नाहीत,
मध्ये मध्ये दाणे पडलेली,
हसणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
चार मला दिली. तिखटमीठ, लिंबू.
एक मी भाजून त्याला परत नेलं.
तो खोकला, डोळे पुसले, पुन्हा चावला.

वसंतात दुसरीकडून ढीग आला, गाईंचा.
सगळे ढकलगाड्या घेऊन धावले.
क्लेग नाही.
त्याच्या शेडच्या खिडकीत दह्याचे दोन रिकामे डबे,
कापऱ्या अक्षरात ए, कापऱ्या अक्षरात बी,
आणि तो बादलीवर, काचेकडे तोंड करून.